समुद्राची ये-जा

आमच्या देवगाव रंगारीहून समुद्र दोनशे किलोमीटरांहून लांब. भरती-ओहोटी मी आधी भूगोलाच्या पुस्तकात पाहिली, किनाऱ्यावर खूप नंतर. तरीही भरतीवर तयार होणाऱ्या विजेबद्दल वाचताना मला आमच्याच जिल्ह्यातलं पैठण आठवतं.

तिथे जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं वीजघर आहे. त्यातलं यंत्र दोन्हीकडे चालतं : खाली येणाऱ्या पाण्यावर वीज तयार करतं आणि गरजेप्रमाणे तेच पाणी पुन्हा वर चढवतं. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी अशीच दुहेरी चालणारी २४ यंत्रं आहेत. २४० मेगावॉटचं हे केंद्र १९६६ साली सुरू झालं. भरतीवर चालणारं जगातलं पहिलं मोठं वीजकेंद्र ते हेच.

ना धूर, ना राख. पण बांधकामासाठी खाडीचं तोंड सुमारे तीन वर्षं बंद ठेवलं गेलं. खारटपणा बदलला, गाळ साचला आणि आतली समुद्री जीवसृष्टी जवळजवळ संपली. भरती पुन्हा आत येऊ लागल्यावर ती सावरायला दहाएक वर्षं लागली. तीही होती तशी परतली नाही. माकूळ परत आले, वाळूत दडणारे काही मासे मात्र आले नाहीत.

दक्षिण कोरियात उलटं घडलं. सिह्वा इथे शेतीला गोडं पाणी मिळावं म्हणून १९९४ साली समुद्राला भिंत घातली. कारखान्यांचं सांडपाणी आत साचून पाणी सडलं, मासे मेले. शेवटी त्याच भिंतीत २५४ मेगावॉटचं भरती-वीजकेंद्र बसवलं. २०११पासून त्यातून समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळू लागलं आणि तलाव सुधारला.

म्हणजे वीज तीच. एकीकडे तिच्यासाठी समुद्र अडवला, दुसरीकडे तिच्यामुळे तो आत आला.

जायकवाडीचं लोकार्पण १९७६ सालचं. नाथसागरावर पक्षी आले, १९८६ साली अभयारण्य झालं. ते आम्ही पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. पण गोदावरीत अहीर नावाचा सापासारखा मासाही आहे. तो वाढतो नदीत, अंडी घालायला मात्र समुद्रात जातो. भिंतीनं त्याची वाट अडते, हे कुणी पाहुण्यांना सांगत नाही.

नव्या प्रकल्पाची बातमी आली की आपण मेगावॉट विचारतो. पाणी किती काळ अडणार आणि वाट कुणाची बंद होणार, हेही तेव्हाच विचारायला हवं.