रूपवर्णनाची इंग्रजी जोडविशेषणे
कुरळ्या केसांच्या मुलीला इंग्रजीत ‘कर्ली-हेअर्ड’ म्हणतात, रुंद खांद्यांच्या पुरुषाला ‘ब्रॉड-शोल्डर्ड’. आधी विशेषण, मग संयोगचिन्ह, पुढे शरीराच्या भागाचे नाम आणि शेवटी ‘ई’ व ‘डी’ ही अक्षरे. ती येथे भूतकाळ दाखवीत नाहीत. ‘असलेला’ एवढाच त्यांचा अर्थ. म्हणूनच लंबोदर, नीलकंठ या आपल्या बहुव्रीहींशी या शब्दांचे नाते जवळचे. इंग्रजी व्याकरणानेही ‘बहुव्रीहि’ ही संज्ञा जशीच्या तशी स्वीकारली आहे. डोळे दोन असले तरी ‘ब्लू-आइड’मध्ये नाम एकवचनीच राहते, विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ‘गुड-लुकिंग’, ‘वेल-ड्रेस्ड’ यांची घडण मात्र क्रियापदावरून झालेली. ‘थिन-स्किन्ड’पासून सावध असावे: त्याचा रूढ अर्थ पातळ कातडीचा नव्हे, चटकन दुखावला जाणारा असा आहे.