औषध पाण्यात उरतं तेव्हा

पालघरहून माहीमला निघालं, की पानवेलींच्या नि नारळांच्या वाड्या लागतात, आणि पुढे समुद्र. याच किनाऱ्यावर उत्तरेला तारापूर. १९६९ साली तिथं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि तिच्यात औषधांचे कारखानेही आले. त्या कारखान्यांच्या सांडपाण्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

सांडपाणी शुद्ध करण्याची आजची रूढ पद्धत १९१४ सालची, मँचेस्टरची. आर्डर्न आणि लॉकेट यांनी पाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवले. जिवाणू घाण खातात, गाळ तळाशी बसतो. मैल्यासाठी ही युक्ती उत्तम. पण औषध मुळातच सहज न विघटणारं बनवलेलं असतं, आणि प्रतिजैविक तर या जिवाणूंनाच मारतं!

१९७७ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या सांडपाण्यात औषधांचे अंश आढळल्याची नोंद झाली. आपल्याकडे २००७ साली हैदराबादजवळच्या पटानचेरूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या सामायिक केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतं. रोग्याच्या रक्तातही इतकं नसतं. अशा पाण्यात जगून उरलेले जिवाणू औषधाला दाद देत नाहीत.

तारापूरचं सामायिक केंद्र दिवसाला अडीच कोटी लिटरचं होतं. त्याहून जास्त पाणी येऊ लागलं, आणि ते नवापूरच्या समुद्रात जात राहिलं. २०१६ साली मांगेला समाजाची परिषद हरित लवादाकडे गेली. मासळी हेच ज्यांचं शेत, त्यांनी दुसरं काय करावं? केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. हा पहिला नंबर कुणाला हवा होता?

उपाय नाहीत असं नाही. ओझोन वायू औषधाचे रेणू फोडतो, सक्रिय कोळसा ते धरून ठेवतो. स्वित्झर्लंडनं २०१६पासून निवडक केंद्रांना अशी जोड कायद्यानं लावली. कारखान्याचं तीव्र पाणी इतरांत न मिसळता तिथंच बाष्पीभवनानं आटवणंही शक्य आहे.

आपल्याकडे जानेवारी २०२०च्या मसुद्यात सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा सुचवल्या होत्या. ऑगस्ट २०२१च्या अंतिम अधिसूचनेत त्या गळाल्या. म्हणजे पाण्याचा एकूण प्राणवायू-भार मोजायचा, आतलं औषध मोजायचंच नाही. जे मोजलंच जात नाही, त्याबद्दल माहीमच्या किंवा नवापूरच्या कोळ्यानं दाद मागायची तरी कोणत्या आकड्यावर?