जंजिऱ्यामागचा मुलूख

जंजिरा म्हटले की पाण्यातला किल्ला आठवतो. त्याच्यामागचे संस्थान सहसा विसरले जाते. उत्तरेला रेवदंड्याची खाडी, दक्षिणेला सावित्रीचे मुख, मधे राजपुरीच्या खाडीने पाडलेले दोन तुकडे. मुलूख जेमतेम सव्वातीनशे चौरस मैलांचा. शिवाय दूर काठेवाडातले जाफराबादही याच संस्थानाचे!

राज्यकर्ते सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली. किल्ला हाती आला नाही. प्रजा मात्र बहुतेक मराठी बोलणारी: कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायली तेली. श्रीवर्धनची देशमुखी भटांकडे होती. त्याच घरातला बाळाजी विश्वनाथ सिद्दीशी बिनसल्यामुळे घाटावर गेला आणि १७१३ मध्ये पेशवा झाला. जंजिऱ्याने आपला सर्वांत मोठा शत्रू असा स्वतःच घडवला म्हणायचा.

सपाट जमीन थोडी, डोंगर फार. खलाटीत भात, वरकस जमिनीवर नाचणी नि वरी. खरा पैसा किनाऱ्यालगतच्या वाड्यांत: नारळ आणि श्रीवर्धनी रोठा सुपारी. उरलेल्यांना मासळी, नाहीतर मुंबई.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. त्याचा मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग कुलाबा जिल्ह्यात गेला, जाफराबाद सौराष्ट्रात.