कच्चे दूध : सुरक्षितता व नियमन

जनावराच्या कासेतून काढल्यानंतर रोगजंतूंचा नाश होईल इतकी उष्णता न दिलेल्या दुधास ‘कच्चे दूध’ म्हणतात. नुकतेच काढलेले कोमट कच्चे दूध म्हणजे ‘धारोष्ण’ दूध होय. निरोगी जनावराच्या कासेत दूध जवळजवळ निर्जंतुक असते. परंतु आचळांवरील शेणमाती, धार काढणाऱ्याचे हात, भांडी व पाणी यांमार्फत त्यात जंतू शिरतात. जनावर रोगट असल्यास ते कासेतूनच येतात. दूषित दुधाचा रंग, वास वा चव बहुधा बदलत नाही. त्यामुळे ग्राहकाला धोका ओळखता येत नाही. या कारणाने दुधाच्या सुरक्षिततेसाठी कायद्याची गरज निर्माण झाली.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेतील औद्योगिक शहरे वाढली आणि दूध लांबच्या खेड्यांतून रेल्वेने येऊ लागले. दोहन व सेवन यांमध्ये अनेक तासांचे अंतर पडले, तसेच अनेक गोठ्यांचे दूध एकत्र होऊ लागल्याने एका रोगट गाईचे दूध शेकडो घरांत पोहोचू लागले. लूई पाश्चर (१८२२–९५) यांनी १८६०–७० या दशकात मद्य टिकविण्यासाठी ते मर्यादित तापमानापर्यंत तापविण्याची रीत शोधली होती. फ्रांट्‌स फोन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये अर्भकांचे दूध बाटल्यांत घालून तापविण्याची पद्धत सुचविली. १८९३ मध्ये अमेरिकेत दोन निरनिराळे उपाय पुढे आले. नेथन स्ट्राउस यांनी न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या मुलांसाठी पाश्चरीकृत दुधाची केंद्रे उघडली, तर न्यूअर्क येथील डॉ. हेन्री कोइट यांनी वैद्यकीय देखरेखीखालील गोठ्यांतील ‘प्रमाणित’ कच्च्या दुधाची योजना मांडली. दूध तापवावे की गोठा स्वच्छ राखावा, हा वाद पुढे अनेक दशके चालला.

गोजन्य क्षय : १९०१ मध्ये लंडन येथील क्षयरोग परिषदेत रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी गाईचा क्षय माणसाला क्वचितच होतो, असे मत मांडले. क्षयजंतूचा शोध त्यांनीच लावलेला असल्याने या मताला मोठे वजन होते. त्याची शहानिशा करण्यासाठी ब्रिटनने त्याच वर्षी शाही आयोग नेमला. १९११ च्या अंतिम अहवालात आयोगाने उलट निष्कर्ष काढला : गोजन्य जंतूंमुळे माणसांना, विशेषतः लहान मुलांना, मानेच्या गाठींचा व पोटाचा क्षय होतो आणि दूध हे त्याचे प्रमुख वाहन आहे.

वैज्ञानिक प्रश्न सुटला, तरी कायदा लवकर झाला नाही. शिकागो शहराने १९०८ मध्येच ट्युबर्क्युलीन चाचणी न झालेल्या गाईंच्या दुधाचे पाश्चरीकरण सक्तीचे केले होते. ब्रिटनमध्ये मात्र १९२३ च्या आदेशाने केवळ दुधाच्या प्रती ठरविल्या आणि निवड ग्राहकावर सोडली. यंत्रसामग्रीचा खर्च न परवडणारे लहान उत्पादक व विक्रेते सक्तीच्या विरोधात होते. तापविल्याने दुधातील सत्त्व जाते व अस्वच्छता झाकली जाते, असे काही वैद्यही मानीत. क जीवनसत्त्व काहीसे घटते हे खरे असले, तरी त्याचा मुख्य स्रोत दूध नव्हे. १९३४ च्या एका सरकारी समितीच्या अंदाजाप्रमाणे देशातील सु. ४०% गाई क्षयाने बाधित होत्या. त्या दशकात गोजन्य क्षयाने ब्रिटनमध्ये दरवर्षी सु. २,००० माणसे दगावत. त्यांत बहुसंख्य मुले असत. १९३८ चे विधेयक विरोधामुळे मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने पाश्चरीकरण सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९४९ चा कायदा व्हावा लागला आणि तोही टप्प्याटप्प्याने लागू झाला. गाईंची चाचणी करून बाधित गाई मारण्याची मोहीम समांतर चालू होती. १९६० मध्ये सर्व देशातील कळप तिच्या कक्षेत आले.

माल्टा ज्वर : माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना होणाऱ्या दीर्घकालीन ज्वराचा जंतू डेव्हिड ब्रूस (१८५५–१९३१) यांनी १८८७ मध्ये वेगळा केला; परंतु त्याचा उगम अज्ञात राहिला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांना वरकरणी निरोगी शेळ्यांच्या रक्तात या जंतूच्या संसर्गाचा पुरावा आढळला. १९०६ मध्ये सैन्याला शेळीचे दूध वर्ज्य केल्यावर रुग्णसंख्या झपाट्याने घटली. जनावर धडधाकट दिसणे हा दुधाच्या निर्दोषतेचा पुरावा नव्हे, हे यातून सिद्ध झाले. गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू याच गटातील आहे, हे ॲलिस एव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखविले.

आधुनिक नियमन : पाश्चरीकरणासाठी दूध सु. ६३° से.ला ३० मिनिटे किंवा ७२° से.ला १५ सेकंद ठेवतात. फॉस्फेटेज हे दुधातील एंझाइम क्षयजंतूच्या नाशासाठी लागणाऱ्या उष्णतेहून किंचित जास्त उष्णतेने नष्ट होते. त्यामुळे त्याच्या चाचणीने प्रक्रिया पुरी झाली की नाही, हे कळते. स्कॉटलंडने १९८३ मध्ये कच्च्या दुधाच्या विक्रीवर बंदी घातली, तर इंग्लंडमध्ये इशाऱ्याचे लेबल लावून उत्पादकाकडून ग्राहकाला थेट विक्री करता येते. अमेरिकेने १९८७ मध्ये आंतरराज्य विक्री बंद केली. राज्यांतर्गत नियम मात्र भिन्न आहेत. २०२४ मध्ये तेथील दुभत्या गाईंत पक्षिज्वराचा विषाणू आढळला आणि बाधित गाईंच्या कच्च्या दुधातही तो सापडला. पाश्चरीकरणाने तो निष्क्रिय होतो.

भारतातील स्थिती : भारतात गवळ्याकडून येणारे दूध बहुधा कच्चेच असते आणि ते घरी उकळून वापरतात. त्यामुळे येथील कायद्याचा भर दीर्घकाळ भेसळीवर राहिला. त्यासंबंधीच्या १९५४ च्या अधिनियमाची जागा पुढे अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली. मुंबईत शहरातील म्हशींचे गोठे बाहेर हलवून १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत वसविण्यात आली व पाश्चरीकृत दूध बाटल्यांतून देण्यात येऊ लागले. घरोघरी दूध उकळण्याच्या प्रथेमुळे मोठा धोका टळतो. मात्र धारोष्ण दूध पौष्टिक समजून पिणाऱ्यांना आणि गोठ्यात काम करताना जनावरांच्या निकट संपर्कात येणाऱ्यांना ब्रूसेलोसिसासारख्या रोगांचा संसर्ग होऊ शकतो. संपर्कातून होणारा हा संसर्ग दूध उकळून टळत नाही. त्यासाठी जनावरांची तपासणी व लसीकरण आवश्यक ठरते.