कुत्र्याच्या अंगावर गाठ आली? दाबू नका, डागू नका. आधी हे तपासा

शेतावर, वस्तीवर राखण करणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर गाठ दिसली की कुणी चुना लावतं, कुणी बिब्बा घालतं, तर कुणी सरळ डाग देतं. यानं गाठ जात नाही. उलट जखम चिघळते, त्यात अळ्या पडतात. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण साधी की घातक हे नुसतं हात लावून ठरत नाही. त्यासाठी डॉक्टर सुईने नमुना घेऊन तपासतात.

गाठ कशाची असू शकते?

- गोचीड: रक्त पिऊन फुगलेली गोचीड चामखिळीसारखी दिसते. केस बाजूला करून नीट पाहा.
- गळू: काटा रुतल्यावर किंवा कुत्र्यांच्या भांडणात चावा बसल्यावर येतं. गरम लागतं, दुखतं, आत पू असतो.
- चरबीची गाठ: मऊ, कातडीखाली सरकणारी. म्हाताऱ्या कुत्र्यांत जास्त. बहुधा त्रास देत नाही.
- कुत्रीच्या सडाजवळची गाठ: दुर्लक्ष करू नका. अशा गाठींपैकी जवळपास निम्म्या कॅन्सरच्या निघतात. पहिल्या माजाआधी नसबंदी केल्यास हा धोका खूप कमी होतो.
- लघवीच्या जागी फुलकोबीसारखी लाल गाठ, रक्त ठिबकणे: हा मिलनातून पसरणारा कॅन्सर. आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शनं दिल्यावर बहुतेक कुत्री बरी होतात. तोवर कुत्रा मोकळा सोडू नका.
- जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना गाठी: गोचीडताप किंवा रक्ताशी संबंधित कॅन्सर असू शकतो.

घरी काय कराल?

गाठीशेजारी रुपयाचं नाणं धरून मोबाईलवर फोटो काढा. दर आठवड्याला तसाच फोटो घ्या. गाठ वाढली, फुटली, रक्त आलं किंवा कुत्र्यानं खाणं सोडलं तर थांबू नका. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

लगेच दवाखाना गाठा

तोंड किंवा पाय अचानक सुजला तर साप चावल्याची शक्यता असते. पोट एकाएकी फुगलं आणि उलटीचा नुसता उमाळा येत असेल, तर एक-एक मिनिट मोलाचं आहे.

जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. गाठ हरभऱ्याएवढी असतानाच दाखवा. लिंबाएवढी होईपर्यंत वाट पाहू नका.