सभामंडप मिळाला, सातबारा कुठाय?

वस्तीचा विकास झाला का असे विचारले की आपले कार्यकर्ते सभामंडप, सिमेंट रस्ता आणि हायमास्ट दाखवतात. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडच्या गावांत आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. सातबारा किती जणांच्या नावावर आहे? मग उत्तर येते, ‘ई-क्लास वाहतो, बापही तेच वाहत होता.’

ई-क्लास म्हणजे आपल्या वऱ्हाडातले गायरान. या दोन शब्दांत आपल्या मागासलेपणाचा अर्धा इतिहास आहे.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलमध्ये महार वतनाचे बिल मांडले. बुलडाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, म्हणजे त्या कौन्सिलच्या कक्षेबाहेर. १८ मार्च १९५६ रोजी आग्ऱ्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत आणि खेड्यातल्या भूमिहीनांची चिंता एकाच भाषणात बोलून दाखवली. आपण त्यातली शिकलेल्यांबद्दलची खंत तेवढी पाठ केली. भूमिहीनांची चिंता खरी उचलली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखांवर माणसे तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मुख्य मागणी. १९७१ ला दादासाहेब गेले. पुढे पक्षाच्या गटातटांत तिकिटांची चर्चा जेवढी झाली, तेवढी जमिनीची झाली नाही, हे कटू असले तरी आम्ही म्हणणारच.

सत्याग्रहाचा दाब मात्र वाया गेला नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली दलित-आदिवासींची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. पण निर्णय निघणे वेगळे आणि सातबाऱ्यावर नाव चढणे वेगळे.

नाव नसले की काय होते, ते २००६ ला दिसले. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचे ३,७५० कोटींचे पॅकेज मिळाले, त्यात बुलडाणाही होता. व्याजमाफी, नवे कर्ज हे सगळे बँकेच्या खातेदाराला. ई-क्लासवर कापूस पेरणाऱ्याला बँक दारात उभी करत नाही, तो सावकाराकडे जातो. त्याने जीव दिला तरी मदतीच्या निकषात तो शेतकरी ठरत नाही, कारण कुटुंबाच्या नावावर शेतच नाही.

२०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली. त्याचा आधार घेऊन नोटिसा निघतात. पण त्याच निकालात, सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर तो अपवाद धरता येईल, असेही लिहिले आहे. ते वाक्य नोटिशीत कशाला येईल! त्यासाठी निकाल आपणच वाचायला हवा.

म्हणून मित्रांनो, यंदा जयंतीच्या वर्गणीसाठी घरोघर जाल तेव्हा एक काम जादा करा. १९९० पूर्वीपासून ई-क्लास वाहणाऱ्या घरांत तलाठ्याने फाडलेल्या दंडाच्या पावत्या शोधा. गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, त्या घरातल्या कोणाचे नाव आहे का पाहा आणि माहिती अधिकारात नक्कल मागा. ज्या कागदाने आपल्या आज्याला गुन्हेगार ठरवले, तोच तो जमीन वाहत होता याचा पुरावा आहे. बऱ्याच घरांत या पावत्या पत्र्याच्या पेटीत तळाशी असतात, आणि काही घरांत वाळवीने अर्ध्या खाल्ल्या आहेत.