प्रस्तावना : उंदीर, घूस आणि मेंदूतील विकरे

बदलापूरच्या भातखाचरांत बांध पोखरून बिळात लोंब्या साठवणारी घूस, उल्हासनगरच्या गोदामांतला काळा उंदीर आणि अंबरनाथच्या झाडांवर पळणारी खार हे तिघेही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या एकाच गणातले. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती या गणातली नव्हे. जातींमधला असा फरक आपल्या भागाला नवा नाही. 1896 च्या प्लेगनंतर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेत, गटारातला तपकिरी उंदीर आणि घरातला काळा उंदीर यांची नोंद वेगवेगळी ठेवली गेली. साथ आधी कोणात पसरते आणि नंतर कोणात, हे त्यामुळेच उलगडले.

हेच भान मेंदूच्या रसायनशास्त्रातही लागते. ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर चेतापेशींमधला निरोप पोहोचताच निरोप्या रेणूचे तुकडे करते. ते मोजण्याची एल्मन यांची 1961 ची पद्धत आजही वापरात आहे. मेंदूच्या ऊतीच्या द्रावणात रसायने मिसळली की परीक्षानळीत पिवळा रंग चढू लागतो आणि तो जितक्या झपाट्याने गडद होतो, तितके विकर अधिक क्रियाशील. शेतात फवारली जाणारी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके नेमकी याच विकराला निकामी करतात. त्यामुळे हा विषय शेतकऱ्याच्याही जिव्हाळ्याचा आहे.

विकर किती आहे याइतकेच ते कुठे आहे हेही पाहावे लागते. एमपीटीपी या रसायनाने प्रयोगशाळेतल्या काळ्या मूषकांमध्ये पार्किन्सनसारखी लक्षणे निर्माण होतात, पण आकाराने मोठा असलेला प्रयोगशाळेतला उंदीर त्याला बराच पुरून उरतो. त्याचे एक कारण असे सांगितले जाते की, त्याच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतींत मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे विकर भरपूर असते. ते एमपीटीपीचे विषारी रूप तिथेच तयार करते आणि ते रूप चेतापेशींपर्यंत सहसा पोहोचत नाही. मला हे उदाहरण या साऱ्या अभ्यासक्षेत्रातले सर्वांत बोलके वाटते.

वाचकांनी म्हणूनच कोणताही आकडा वाचताना जात कोणती आणि मेंदूचा भाग कोणता, हे आधी पाहावे. उंदराच्या स्ट्रायटममध्ये ॲसिटिलकोलिनेस्टरेज विपुल असते, अनुमस्तिष्कात बरेच कमी. रसायनशास्त्र कच्चे असले तरी बिचकू नका. सुरुवात जातींच्या ओळखीपासून करा. काळ्या उंदराची शेपटी डोके आणि धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा मोठी असते, शेतातल्या घुशीची आखूड. मात्र हे निरीक्षण दुरूनच करा. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तेव्हा कोणताही उंदीर उघड्या हातांनी हाताळू नका.